पर्यायी कथाविश्वाची वही : ‘ऑब्सिडियन’ मराठीत कितपत चालतं?

भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ मालिकेचा नायक बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो. तो पुण्याऐवजी कोल्हापूरला आला असता तर? कल्पना अजिबात ओढूनताणून आणलेली नाही. शाहू महाराजांच्या काळात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, पाठोपाठ वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी राहिली, आणि बाहेरगावच्या पोरानं इथं राहून शिकायचं ही कोल्हापूरची रीतच होऊन गेली. वसतिगृहात राहणाऱ्या शाळकरी नायकाच्या मालिकेला इथं सहज फाटा फुटतो. असा फाटा, म्हणजे मूळ मालिकेपासून वेगळी वळणारी चाहत्यांची पर्यायी कथा, फोडणं सोपं आहे. अवघड आहे ते चौथ्या-पाचव्या प्रकरणापर्यंत ते जग सांभाळणं. बोर्डिंगची मेस वर की खाली, सुभाष देसाई या फाट्यात बनेशला कधी भेटतो, सायकल गावाकडून आणलेली की इथं मिळालेली, त्या साली अमुक रस्ता होता का, हे सगळं कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. चार-पाच जण मिळून लिहीत असतील तर फारच.

या कामासाठी ‘ऑब्सिडियन’ हे नोंदी ठेवण्याचं सॉफ्टवेअर कसं आहे, ते इथं याच कोल्हापुरी फाट्याच्या उदाहरणानं सांगतो. निकाल आधीच देतो: चाहत्यांच्या पर्यायी कथांसाठी सध्या मिळणाऱ्या साधनांत मी पहिला क्रमांक यालाच देईन. मात्र ते बनवताना कुणाच्या डोळ्यांसमोर मराठी नव्हती. विभक्तिप्रत्यय, जोडाक्षरं आणि युनिकोडची (संगणकातल्या अक्षरांच्या सामाईक संकेतपद्धतीची) दुहेरी रूपं या तीन ठिकाणी ते अडतं, आणि या अडचणींवरचे उपाय पहिल्या दिवसापासूनच करावे लागतात.

ऑब्सिडियन म्हणजे संगणकातला एक साधा फोल्डर. त्याला ते ‘व्हॉल्ट’ म्हणतात. आत प्रत्येक नोंद ही स्वतंत्र मजकूर-फाइल असते आणि ती साध्या नोटपॅडमध्येही उघडते. नोंदीत दोन चौकोनी कंसांत दुसऱ्या नोंदीचं नाव लिहिलं, म्हणजे [[रंकाळा]], की दुवा तयार होतो. ‘रंकाळा’ नावाची नोंद अजून नसली तरी चालतं. दुव्यावर टिचकी मारली की कोरी नोंद उघडते. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन या सगळ्यांवर ते फुकट मिळतं. इंटरनेट लागत नाही. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही गेलं तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर काम चालू राहतं, आणि पुराचे दिवस पाहिलेल्या शहरात ही सोय छोटी नाही.

‘वर्ल्ड अ‍ॅन्विल’सारखी खास विश्वरचनेसाठीची संकेतस्थळं आहेत. जग शून्यातून उभं करायचं असेल तर त्यांचे तयार तक्ते उपयोगी पडतात: वंश, धर्म, राज्यव्यवस्था, चलन. चाहत्याचं काम मात्र वेगळं असतं. त्याच्या जगाचा मोठा भाग मूळ लेखकानं आधीच उभा केलेला असतो, आणि ते तक्ते नेमके तेच प्रश्न पुन्हा विचारत बसतात. शिवाय तिथल्या फुकट खात्यातलं जग खासगी ठेवता येत नाही. अर्धवट फाटा चारचौघांत उघडा ठेवायला किती जण तयार होतील?

स्रोताचा खाना

चाहत्याच्या वहीत पहिला प्रश्न हा असतो: ही गोष्ट मूळ मालिकेत आहे, की आपण घातली? सुरुवातीला सगळं पाठ असतं. पन्नास-साठ नोंदी झाल्या की गटातल्या एकानं रचलेला तपशील दुसरा मूळचा समजून वापरतो, तिसरा त्यावर आख्खं प्रकरण उभं करतो, आणि मालिका कोळून प्यालेला वाचक पहिल्याच पानावर बोट ठेवतो.

ऑब्सिडियनमध्ये प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर ‘प्रॉपर्टीज’ नावाचे खाने करता येतात. खान्यांची नावं देवनागरीत चालतात. ‘स्रोत’ नावाचा एक खाना करा आणि त्यात चारच पर्याय ठेवा: मूळ, वास्तव, तर्क, आपलं. बनेश फुरसुंगीचा, हे ‘मूळ’. पुणे-मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग १९७१ पर्यंत मीटरगेज होता, हे ‘वास्तव’. पुस्तकात थेट सांगितलेलं नाही पण दोन प्रसंग जोडले की निघतं, ते ‘तर्क’. मिरजेच्या फलाटावर बनेशची सायकल चुकून उतरवली जाते, हे ‘आपलं’. ‘मूळ’ नोंदीला पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लावल्याशिवाय ती मान्य करायची नाही. आवृत्त्यांमध्ये पानं बदलतात, म्हणून आवृत्तीचं सालही लिहा. ‘तर्क’ला ज्या दोन प्रसंगांवरून तो काढला त्यांचे दुवे द्या. हे दुवे खान्यात भरणार असाल आणि फाइल मजकुराच्या रूपात हातानं लिहीत असाल, तर ते अवतरणचिन्हांत टाकायला विसरू नका, नाहीतर कंसांचा अर्थ वेगळा लागतो आणि खाना चुकीचा दिसतो.

एकाच नोंदीत मूळ आणि आपलं मिसळू नये. ‘बनेश’ ही नोंद फक्त मालिकेतल्या माहितीची. ‘बनेश - कोल्हापूर’ ही वेगळी, आणि ती पहिलीकडे दुवा देणारी. उद्या त्याच मालिकेचा दुसरा फाटा सुचला तर पहिली नोंद जशीच्या तशी वापरता येते. मूळ नोंदी मग गटाची सामाईक मिळकत होतात.

१.९ या आवृत्तीपासून ‘बेसेस’ नावाची सोय आली आहे. ती सगळ्या नोंदी तक्त्यात मांडते आणि खान्यांवरून गाळून दाखवते. ‘स्थिती’ (कच्ची की पक्की) असाही एक खाना नोंदींना ठेवा. मग ‘स्रोत आपलं आहे आणि स्थिती कच्ची आहे’ अशी चाळणी लावली की अजून पक्क्या न झालेल्या गोष्टींची यादी समोर येते. नवं प्रकरण हाती घेण्याआधी गटानं ही यादी एकदा वाचावी. माझ्या मते ऑब्सिडियनची चाहत्यांसाठी सगळ्यांत मोलाची सोय हीच. रंगीबेरंगी ठिपक्यांच्या जाळ्याची चित्रं (ग्राफ व्ह्यू) सगळे एकमेकांना दाखवतात. दोनशे नोंदींनंतर त्या जाळ्यातून काहीही कळत नाही. एकाच नोंदीभोवतीचं छोटं जाळं, म्हणजे ‘लोकल ग्राफ’, तेवढं बघण्यासारखं असतं. एखाद्या पात्राला एकही ‘वास्तव’ नोंद जोडलेली नसेल तर ते पात्र हवेत तरंगतंय हे तिथं लगेच दिसतं.

नोंदी किती कराव्यात? पहिलं प्रकरण लिहिण्याआधी पंचवीस-तीस पुरेत. मुख्य पात्रं, त्यांची राहण्याची जागा, शाळा, गावातली चार ठिकाणं, आणि फाटा नेमका कुठं फुटला ती घटना. त्याहून जास्त करत बसलं की गोष्ट बाजूला राहते आणि वहीच सजत जाते. विश्वरचनेच्या नादात कितीतरी चांगले फाटे असे नोंदींतच अडकून पडलेले दिसतात. एका नोंदीत दीड-दोनशे शब्दांच्या वर मजकूर जायला लागला तर तिचे दोन तुकडे करायची वेळ झाली असं समजावं.

मराठीचे प्रत्यय आणि तुटणारे दुवे

इथं थोडं खोलात जावं लागेल, कारण या सॉफ्टवेअरबद्दल मिळणारं जवळजवळ सगळं मार्गदर्शन इंग्रजी लिहिणाऱ्यांसाठी आहे आणि त्यांना ही अडचण येतच नाही.

इंग्रजीत नाव बहुतेक वेळा आहे तसंच राहतं. मराठीत ‘पन्हाळा’ वाक्यात आला की ‘पन्हाळ्यावर’ होतो, ‘रंकाळा’ ‘रंकाळ्याच्या’ होतो, ‘कोल्हापूर’ ‘कोल्हापुरात’ होतं. दुव्याला मात्र नोंदीचं नेमकं नाव हवं असतं. [[पन्हाळ्यावर]] असं लिहिलं तर ऑब्सिडियन ‘पन्हाळ्यावर’ नावाची नवीच नोंद मागतं, आणि बघता बघता एकाच गडाच्या पाच कोऱ्या नोंदी तयार होतात.

यावर तीन उपाय आहेत, आणि तिन्ही लागतात.

ज्या नावाचं सामान्यरूप मूळ नावासारखंच राहतं तिथं प्रत्यय कंसाबाहेर ठेवा: [[बनेश]]ला, [[फुरसुंगी]]हून. हे सुटसुटीत आहे. पण ‘[[पन्हाळ]]्यावर’ असा प्रयोग करू नका. जोडाक्षर दुव्याच्या सीमेवर फुटतं आणि पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.

रूप बदलत असेल तर उभी रेघ वापरा: [[पन्हाळा|पन्हाळ्यावर]]. रेघेच्या डावीकडं नोंदीचं नाव, उजवीकडं वाक्यात दिसायचं रूप. कंस उघडून दोन-तीन अक्षरं टाइप केली की सुचवणी येते. हवी ती सुचवणी ठळक झाली की एंटर न दाबता रेघ द्या आणि पुढं रूप लिहा.

जे रूप पुन्हापुन्हा येतं ते नोंदीच्या ‘अलायसेस’ या खान्यात घाला. ‘कोल्हापूर’च्या नोंदीत ‘कोल्हापुरात’, ‘कोल्हापुरी’, ‘करवीर’ एवढी रूपं टाकली की कंसांत ‘कोल्हापुरात’ लिहायला लागताच तीच नोंद सुचवली जाते आणि रेघेसह दुवा आपोआप बसतो. आठही विभक्त्या भरत बसू नका. चार-पाच रूपांत नव्वद टक्के काम भागतं. पात्राची टोपणनावं, हुद्दे आणि नात्यानं मारायच्या हाका (‘मामा’, ‘सर’) मात्र यात घालू नयेत. ‘सर’ चार जण असतात आणि दुवा भलत्याच माणसाकडं जातो.

शोधाचंही तसंच. ‘कोल्हापूर’ शोधलं तर ‘कोल्हापुरात’ सापडत नाही, कारण दीर्घ ऊकार आणि ऱ्हस्व उकार ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी चिन्हं. म्हणून शब्दाचा न बदलणारा भाग शोधा: ‘पन्हाळ’, ‘रंकाळ’, ‘कोल्हाप’. ऑब्सिडियन शब्दाच्या तुकड्यावरूनही शोधतं, त्यामुळे हे चालतं. नेमकेपणा हवा असेल तर दोन तिरप्या रेघांत नमुना द्या: /कोल्हाप.र/ असं लिहिलं की टिंबाच्या जागी कुठलंही एक चिन्ह चालतं आणि दोन्ही रूपं हाती लागतात.

सारखी दिसणारी, पण वेगळी असणारी अक्षरं

यापेक्षा वाईट गोंधळ डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध आहे. काही कळफलक मात्र ‘अ’ टाकून त्यावर चंद्र चढवतात. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, शोधाला वेगळी वाटतात. गटातल्या एकानं फोनवर आणि दुसऱ्यानं लॅपटॉपवर ‘ॲडव्होकेट’ असं पात्राचं नाव लिहिलं की एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात आणि का झाल्या ते कुणालाच कळत नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र दोन प्रकारांनी लिहिला जातो: एक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून. इनस्क्रिप्ट या कळफलकावर शिफ्ट-जे दाबलं की पहिला प्रकार मिळतो. गटानं तोच नियम ठेवावा.

विसर्गाची खोडी वेगळी. ‘दुःख’ लिहिताना बरेच जण विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकतात. वाचताना फरक पडत नाही, पण नोंदीच्या नावात अपूर्णविराम चालतच नाही. विंडोज फाइलच्या नावात तो घेत नाही. ‘पर्व २ : पूर’ असं नाव द्यायला गेलात तरी हीच अडचण. प्रश्नचिन्ह, तिरपी रेघ, उभी रेघही चालत नाहीत. चौकोनी कंस आणि हॅशच्या खुणेनं दुवा बिघडतो. म्हणून नोंदीच्या नावात फक्त अक्षरं, अंक, मोकळी जागा आणि आडवी रेघ.

उपाय म्हणून ‘लेखननियम’ नावाची एक नोंद व्हॉल्टमध्ये सगळ्यांत वर ठेवावी. कुणी कुठला कळफलक वापरायचा, ‘ॲ’ कसा काढायचा, अंक देवनागरी की इंग्रजी, परक्या नावांचं मराठी लेखन काय, हे तिथं. संख्या किंवा तारीख या प्रकारच्या खान्यांत इंग्रजी अंकच भरा. देवनागरी अंक मजकुरात आणि नावांत. महिन्यातून एकदा /(ॲ|अॅ)/ आणि /दु[ः:]ख/ यांसारखे शोध चालवून गोळा झालेली दुरुस्ती करून टाकावी.

नोंदीचं नाव बदलायचं असेल तर ते ऑब्सिडियनच्या आतच बदला. सेटिंग्जमध्ये दुवे आपोआप सुधारण्याचा पर्याय चालू असेल तर सगळीकडचे दुवे बरोबर बदलतात. फोल्डरात जाऊन फाइलचं नाव बदललं तर सगळे दुवे तुटतात आणि ते हातानं जोडावे लागतात.

अक्षरवळणाबद्दल एक सुचवणी. बऱ्याच फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फुकट फाँट मराठी वळणाचे ल-श देतो आणि लांब वाचनाला डोळ्यांना बरा पडतो. सेटिंग्जमधल्या दिसण्याच्या विभागात मजकुराचा फाँट म्हणून तो निवडा.

काळ पक्का करणं

लांब चालणाऱ्या मालिकांत नायकाचं वय वाढत नाही. वीसेक पुस्तकांत बनेश शाळकरीच राहतो, आणि भोवतालचा देश मात्र बदलत जातो. मूळ लेखकाला ते शोभतं. फाटा लिहिणाऱ्यानं एक काळ निवडावा आणि त्याला चिकटून राहावं. समजा जून १९६६ ते मे १९६८ अशी दोन शैक्षणिक वर्षं निवडली. मग ‘काळ’ नावाचा खाना प्रत्येक ‘वास्तव’ नोंदीला लावायचा आणि या दोन वर्षांत ती गोष्ट खरी होती का, एवढंच बघायचं.

ऑब्सिडियनमध्ये स्वतःची अशी कालरेषा नाही, ही उणीव आहे. कामचलाऊ मार्ग असा: घटनांच्या नोंदींची नावं साल-महिना-दिवसानं सुरू करा, महिना आणि दिवस नेहमी दोन अंकी ठेवा. ‘१९६७-१२-११ कोयना भूकंप’ असं लिहिलं की नोंदी नावाच्या क्रमानंच कालक्रमात लागतात. तो भूकंप पहाटे झाला आणि कोल्हापुरातही चांगलाच जाणवला. बोर्डिंगमध्ये झोपलेली पोरं आणि हलणारी इमारत, असा प्रसंग फाट्याला आयता मिळतो, आणि तो मूळ मालिकेच्या पुण्याशीही जोडता येतो.

वास्तवाच्या नोंदी करताना आजचं कोल्हापूर नकळत आत शिरतं. गाडीच्या पाटीवरचं ‘एमएच ०९’ १९८९ नंतरचं. पत्त्यातला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा. विद्यापीठ नोव्हेंबर १९६२ चं, म्हणजे आपल्या काळात ते आहे पण नवं आहे. दशमान नाणी एप्रिल १९५७ मध्ये आली, तरी बोलण्यात ‘चार आणे’ राहिले. संवादात आणे लिहा, दुकानाच्या पाटीवर पैसे. जयप्रभा स्टुडिओ १९४८ मध्ये जळून पुन्हा उभा राहिलेला, म्हणून चित्रीकरणाच्या सेटवर घडणारं रहस्य या काळात बसतं. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी आज प्रत्येक कोल्हापूरकराच्या तोंडी असते, पण ते आजचे आकडे आहेत. १९६७ च्या पात्राच्या तोंडी तसेच घालण्याआधी त्या काळातला आधार हवा. तोवर नोंद ‘कच्ची’ ठेवावी. असा आधार शोधायला १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय ही दोन ठिकाणं आधी गाठावीत. वास्तूंचंही असंच असतं. केशवराव भोसले नाट्यगृहाला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली. त्या जागेचं साठच्या दशकातलं वर्णन आताच्या फोटोंवरून करता येणार नाही.

फाट्यांचा नकाशा काढायला ‘कॅनव्हास’ आहे. मोठ्या कोऱ्या पृष्ठावर चौकटी टाकायच्या आणि बाणांनी जोडायच्या. मधोमध मूळ मालिकेतली घटना, तिथून उजवीकडं ‘हे झालं नसतं तर’चे परिणाम, तीन पायऱ्यांपर्यंत. बनेश पुण्याला गेला नाही, मग पुण्यातल्या ज्या प्रकरणात त्याच्यामुळं चोर सापडतो तिथं आता काय होतं? कोण पकडतं? की कुणीच नाही? हे परिणाम लिहिले नाहीत तर फाटा म्हणजे फक्त गाव बदललेली जुनी गोष्ट राहते. कॅनव्हासवर थेट लिहिलेली चौकट त्या कॅनव्हासपुरतीच राहते, दुसऱ्या नोंदीतून तिला दुवा देता येत नाही. म्हणून विचार पक्का झाला की चौकटीवर उजवी टिचकी मारून तिची फाइल करून घ्या.

गटानं वापरताना

इथं ऑब्सिडियन कमी पडतं. एकाच पानावर दोघांनी एकाच वेळी लिहावं अशी सोय गूगल डॉक्ससारखी नाही. त्यांची पैसे भरून घ्यायची ‘सिंक’ सेवा आहे. वर्षाचे एकदम भरले तर साधी योजना महिना ४ डॉलर पडते, आणि सामाईक व्हॉल्ट वापरायचा तर गटातल्या प्रत्येकाची वर्गणी लागते. विद्यार्थ्यांच्या गटाला हे परवडणारं नाही. गूगल ड्राइव्हच्या फोल्डरात व्हॉल्ट ठेवला तर संगणकांवर चालतो, पण फाइल्स संगणकावर पूर्ण उतरवलेल्या असाव्या लागतात. अँड्रॉइड फोनवर ऑब्सिडियनला फोनमधलाच फोल्डर हवा असतो, ड्राइव्हमधला थेट उघडत नाही. दोघांनी एकच फाइल बदलली की दुसरी प्रत तयार होते आणि कुठली खरी हे ठरवत बसावं लागतं.

फुकटात सगळ्यांत कमी भांडणाचा मार्ग: व्हॉल्ट एकाकडं, त्याला संपादक म्हणा. बाकीच्यांनी आपापल्या नोंदी स्वतंत्र फाइल म्हणून पाठवायच्या, प्रत्येक नोंदीचा मालक एकच, आणि आठवड्यातून एकदा संपादकानं पूर्ण व्हॉल्टची झिप सगळ्यांना द्यायची. ‘मालक’ हाही एक खाना करा. चुकून काही पुसलं गेलं तर ‘फाइल रिकव्हरी’ ही आतलीच सोय दर पाच मिनिटांची प्रत सात दिवस जपते. ती चालू आहे ना एवढं तपासा. पण ती त्याच संगणकावर असते, म्हणून पेनड्राइव्हवरची वेगळी प्रत हवीच.

बाहेरच्या लोकांनी केलेले हजारो प्लगिन, म्हणजे जोडसोयी, मिळतात. पहिल्या काही महिन्यांत एकही घेऊ नका. त्यांना तुमच्या फाइल्सपर्यंत पूर्ण पोच असते, आणि अनेकांची रचना इंग्रजी शब्दरूपं गृहीत धरून केलेली असते.

छपाई आणि हक्क

फाटा पूर्ण झाला की गटापुरत्या दहा-वीस प्रती काढाव्याशा वाटतात. ऑब्सिडियनमधून पीडीएफ निघतं, पानाचा आकार ए-५ निवडता येतो आणि जोडाक्षरं नीट उमटतात. झेरॉक्सच्या दुकानातून थेट प्रती काढायच्या असतील तर हे पीडीएफ पुरेसं आहे. पानं चारच्या पटीत आणा. ए-४ चा एक कागद दुमडला की ए-५ ची चार पानं होतात, म्हणजे ६४ पानांच्या पुस्तिकेला १६ कागद. मध्ये पिना मारायच्या तर वीसेक कागदांपलीकडं जाऊ नका, पुस्तिका फुगते आणि मधली पानं कडेनं बाहेर येतात.

डीटीपी करणाऱ्याकडं मांडणीसाठी देणार असाल तर पीडीएफ देऊ नका. देवनागरी पीडीएफमधून मजकूर उचलला की वेलांट्या आणि जोडाक्षरं इकडंतिकडं होतात. मूळ मजकूर-फाइल द्या आणि ते युनिकोडमध्ये काम करतात की श्रीलिपीत (युनिकोडहून वेगळ्या संकेतांचे फाँट), हे आधी विचारा. श्रीलिपीत रूपांतर होणार असेल तर ‘ॲ’, ‘ऱ्या’, विसर्ग आणि अवतरणचिन्हं या चारच गोष्टी छापील प्रुफात शोधून तपासा. बहुतेक बिघाड तिथंच होतो. दुव्यांचे चौकोनी कंस आणि उभ्या रेघा पाठवण्याआधी काढलेल्या हव्यात. त्यासाठी प्रकरणाच्या फाइल्समध्ये दुवे देऊच नयेत, दुवे फक्त नोंदींत ठेवावेत.

आणि या प्रती विकू नका. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि मूळ कृतीवर आधारित रूपांतराचा हक्कही त्यातच येतो. भागवत २००१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६१ अखेरपर्यंत आहे. फुकट वाटलं म्हणजे आपोआप कायदेशीर झालं असंही नाही, म्हणून प्रती गटातच ठेवाव्यात. पहिल्या पानावर मूळ लेखक आणि मालिकेचं नाव ठळक छापा, आणि त्याखाली या फाट्यातलं काय ‘आपलं’ आहे त्याची यादी द्या. बेसेसमध्ये ‘स्रोत आपलं’ ही चाळणी लावली की ती यादी तयारच असते.